कोरडं ताट

शिवगंगाआक्कांच्या ताटात जेवताना भात सरत आला की तळातून कुणाचं तरी नाव वर यायचं. आमटीत भिजलेलं, मेलेल्या माणसाचं नाव.

आमच्या बोळात त्यांच्या यजमानांचं, प्रभुलिंगांचं, भांड्यांचं दुकान होतं. चौऱ्याण्णवच्या सुमारास लग्नाकार्यात थर्माकोलच्या पत्रावळ्या आल्या आणि स्टीलची ताटं कोणी घेईना. पंगत उठली की त्या पांढऱ्या तुकड्यांनी गटार तुंबायचं. प्रभुलिंग म्हणाले, आपणही थर्माकोलच ठेवू.

"एक ताट शंभर पंगती जेवू घालतंय," आक्का म्हणाल्या. "मग त्ये इकून मोकळं कशाला व्हायचं? फिरवायचं की."

"आणि आपण खायाचं काय?"

"भांडं रिकामं परत देत न्हाईत लोकं. त्यावर चालंल."

आणि चाललं. ज्या घरी कोणी गेलं, त्या घरानं दुकानातून एक ताट घ्यायचं, गेलेल्याचं नाव त्यावर कोरून घ्यायचं आणि ताट दुकानातच ठेवायचं. कार्य असेल त्या घरी एक्कावन्न ताटांची चळत जायची. ती उष्टीच परत आणायची, घासण्याचं काम दुकानाचं. सोबत पातेलंभर जोंधळा नाहीतर तांदूळ. ते धान्य बाजारात जायचं, त्यावर आक्कांचं घर आणि ताटं घासणाऱ्या सरुबाईचं घर चालायचं. दोन वर्षांत बोळातलं गटार वाहतं झालं. लोकांनाही त्या नावांची सवय झाली. "आज तुझा आजा आलता की माझ्या ताटात! आमटी वरपत हुता," असं कोणीतरी म्हणायचं आणि पंगत हसायची.

सत्त्याण्णव साली सरुबाईचा नवरा कृष्णात वारला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिनं त्याच्या नावाचं ताट दिलं. नावावर लहानसं धम्मचक्र कोरलेलं होतं. आक्कांनी ते चळतीच्या मधोमध ठेवलं.

काही महिन्यांनी दुकानामागच्या नळावर सरुबाई ते ताट हातात धरून बसलेली दिसली.

"आक्का, ह्यांचं ताट उष्टंच हुईत न्हाय. धा येळा गेलं, धा येळा कोरडं आलं."

आक्कांनी ताटावरून बोट फिरवलं.

"सपनात येत्यात," सरुबाई म्हणाली. "चळतीपाशी हुभं ऱ्हात्यात. बोलत काय न्हाईत. नुसतं हुभं."

आक्कांनी एक तोड काढली : सगळ्याच ताटांवरची नावं पालथ्या बाजूला कोरून घ्यायची. जेवणाऱ्याला कळणारच नाही. सरुबाईनं मान हलवली. "नाव लपवून जेवू घालायचं न्हाय त्यास्नी. तसं जेवणार बी न्हाईत ते."

नव्याण्णवमध्ये माझ्या लेकीचं, सुष्मिताचं, लग्न झालं. चळत आक्कांचीच होती. मुरगूडच्या पाहुण्यांपैकी एकानं कृष्णातचं ताट काढून हौदावर पालथं घातलं. मी पाहिलं. पंगतीत गडबड नको, म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सरुबाईनं चळत माझ्यासमोरच उलगडली.

"गुरुजी, तुमच्यातनं बी कोरडंच?"

"माणसं कमी आली असतील," मी म्हणालो. पन्नास ताटं खरकटी होती. तिनं ती घासायला घेतली. त्यानंतर कुठल्याही पंगतीत बसलो की रांगेच्या टोकाला कोणीतरी उभं आहे असं मला वाटायचं. मान वळवून बघायचा धीर व्हायचा नाही.

मग आक्कांनी नियम केला. चळतीतलं एक ताट जरी कोरडं आलं, तरी त्या घराला पुन्हा ताटं नाहीत. लोक चिडले. "म्हातारीला लईच माज आलाय. थर्माकोल काय मेलंय व्हय?" एकेक घर सुटत गेलं. धान्य आटलं, गटार पुन्हा तुंबायला लागलं. प्रभुलिंगांनी परोपरीनं समजावलं. त्या एवढंच म्हणायच्या, "एक माणूस उपाशी ठेवून पंगत उठवायची न्हाय मला."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. चळती तोवर धूळ खात पडल्या होत्या. त्यांच्यामागं जेवण घातलं, तेव्हा प्रभुलिंगांनीच थर्माकोल मागवलं. "आता घासणार कोण?" ते खालमानेनं म्हणाले. तेवढ्यात सरुबाई डोक्यावर चळत घेऊन आली. तिनं वाकून ताटं मांडायला सुरुवात केली.

माझ्यापुढं तिनं कृष्णातचं ताट ठेवलं. मुद्दामच ठेवलं. ती पुढच्या पानाकडं गेली नाही, तिथंच थांबली. शेजारचा माणूस जरा सरकला. वाढपी आला. मी भात घेतला, आमटी घेतली. सात वर्षांनी. भात सरत आला तसं आधी चक्र वर आलं, मग नाव.

पंगत उठून माणसं पांगल्यावर, बऱ्याच वेळानं, मी नळावर गेलो. पन्नास ताटं घासून पालथी घातली होती. एकच उष्टं ताट सरुबाईच्या पुढ्यात होतं, त्यावर माश्या बसत होत्या. पदरानं ती त्या वारत होती.

"धुते की," माझ्याकडं न बघता ती म्हणाली. "असू दे घटकाभर तसंच."