आमच्या देवांचा लिलाव

चोराने टीव्हीला हात लावला नाही. ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यालाही लाज वाटली असेल. नेले ते फक्त देवघरातले पाच टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले आमचे कुलदेव, तळहाताएवढेसुद्धा नाहीत. किती पिढ्यांपूर्वी ते साताऱ्याकडून आमच्या घराण्याबरोबर बंगळूरला आले, कुणाला ठाऊक नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. आमच्याकडे देवच नेले.

त्या दिवशी आम्ही दोघी देवनहळ्ळीला एका लग्नाला गेलो होतो. बस चुकेल म्हणून आई पूजा न करताच निघाली. बाबा गेल्यापासून पूजा तीच करायची, आणि ती राहिली असं कधी झालं नव्हतं. "आल्यावर करते हं," असं देवांना सांगून तिने कुलूप लावलं, मी शेजारीच उभी होते. संध्याकाळी येऊन बघतो तर मागच्या दाराची कडी उचकटलेली आणि देवघर रिकामं. शेजारच्या अक्का म्हणाल्या चोर आला, पोलीस म्हणाले चोर आला. आई तेवढी म्हणत राहिली, चोर आपला निमित्ताला, देव माझ्यावर रुसून गेले. मी चिडायचे. अगं, रुसलेले देव कडी उचकटून जातात होय? पण तिचं एकच. ते परत आले तर मला क्षमा झाली, नाही आले तर नाही.

माझा मोठा भाऊ, अण्णा, तेव्हा अमेरिकेत होता. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर कोलमडणार म्हणे, ते कोलमडू नयेत म्हणून इथली पोरं खोऱ्याने तिकडे नेली होती, त्यातलाच हा. चोरीला वर्ष होत आलं तेव्हा त्याचा फोन आला. इंटरनेटवर जुन्यापुराण्या वस्तूंचा लिलाव चालतो, तिथे पाच टाक दिसतायत, आपलेच वाटतात, आईला नेऊन दाखव.

आमच्या बंगळूरच्या शिवाजीनगर बस स्टँडमागे एक सायबर कॅफे होता. आईने दाराबाहेर चपला काढल्या. चित्र वरून खाली अगदी जिवावर आल्यासारखं उतरत होतं. आधी खंडोबाचा फेटा आला, मग म्हाळसा, मग घोडा. घोड्याला पाच पाय. कुठल्याशा सोनाराने एक पाय चुकून जास्त ठोकला होता आणि देवाचं काम मोडायचं नाही म्हणून तसाच ठेवला होता. दुसरा असा घोडा जगात असला तर दाखवा मला. वर इंग्रजीत लिहिलं होतं, आदिवासी चांदीकाम, भिंतीवर शोभून दिसेल. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आईने पडद्याला हात जोडले आणि ते खाली घेईचना. वेळ संपली म्हणून मालक टाइम आयतु, टाइम आयतु करायला लागला, तर त्याला म्हणाली, स्वल्प इरप्पा, थांब रे जरा, आणि पुन्हा हात जोडून बसली.

पोलिसांकडे तो कागद छापून नेला. साहेबांनी विचारलं, ही साइट कुठल्या लेआउटमध्ये आहे? आमच्या गावात साइट म्हणजे घर बांधायचा प्लॉट, त्यांचं तरी काय चुकलं! चोराचा पत्ता आणा, मग बघू, एवढं ऐकून आम्ही परत आलो. अण्णा म्हणाला, राहू दे, मीच बोली लावतो. आईला ते पटेना. स्वतःचे देव कुणी विकत घेतं का, असं दहा वेळा म्हणाली आणि अकराव्या वेळी हो म्हणाली. संकटात बायका देव पाण्यात घालून बसतात. आमचे देवच लिलावात, पाण्यात घालणार काय, कपाळ?

शेवटची बोली अण्णाची ठरली. आईने पितळेचं देवघर चिंचेने घासून लखलखीत केलं, तांबडं नवं वस्त्र आणलं. वर्षभराने तिला गुणगुणताना ऐकलं. विकणारी कुणी म्हातारी बाई होती, तिनेही ते कुणाकडून तरी विकतच घेतलेले. अण्णाने तिला लिहिलं की जपून पाठवा, हा माझ्या आईचा दागिना आहे, तिचा त्यात फार जीव आहे. कुलदैवत काय, टाक काय, हे इंग्रजीत कोण समजावत बसणार? त्याच्या जागी मी असते तरी दागिनाच लिहिलं असतं.

पार्सल आलं ते आईने स्नान करून, सोवळ्याने उघडलं. आत मऊ कागदात एक माळ होती. पाचही टाकांना वरच्या बाजूला भोकं पाडून ते चांदीच्या तारेत ओवले होते, मध्ये लाल मणी. सोबत एक कार्ड. तुमच्या आईंना गळ्यात घालता यावं म्हणून मी स्वतःच्या हाताने ओवलं आहे, त्याचे पैसे नकोत. खंडोबाच्या फेट्यातून एक भोक गेलं होतं आणि भवानीच्या कपाळातून एक. त्या बाईला शिव्यासुद्धा देता येईनात मला.

खंडित देव पूजेत चालत नाहीत, हे आईला कुणी सांगायला नको होतं. तरी काही पळवाट निघते का म्हणून मी गुरुजींना बोलावलं. भला माणूस, बराच वेळ टाक उलटसुलट करून बघत बसले. मग म्हणाले, विसर्जन करा, नवे करून घ्या. आई कानडीत 'सरी' म्हणाली, म्हणजे बरं. ते गेल्यावर मी तिला समजावलं की आले ना परत, तूच म्हणायचीस, आले की क्षमा झाली.

"क्षमा केली असती तर असे आले असते?" ती म्हणाली. "मी रडून बोलावलं म्हणून एवढ्या लांबून आले. आणि आता मीच बुडवू त्यांना?"

नव्या टाकांचा विषय तिने पुन्हा काढू दिला नाही.

बंगळूरला नदी नाही. आम्ही बसने श्रीरंगपट्टणला कावेरीवर गेलो. तिने तार सोडवली, एकेक टाक धुतला, कुंकू लावलं आणि सोडला. चार गेले. खंडोबा मुठीतच राहिला. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत होतं. शेवटी मीच तिची बोटं एकेक करून उघडली.

परतताना बस स्टँडवरच्या हॉटेलात इडली मागवली. माझी आई जन्मात नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवलेली नव्हती, देवघर रिकामं होतं त्या वर्षातसुद्धा नाही. परगावी असली तर ताटाभोवती पाणी फिरवून, डोळे मिटून, घरच्या देवांना मनातल्या मनात दाखवायची आणि तोवर आम्हालाही हात लावू द्यायची नाही. त्या दिवशी बशी समोर आली आणि तिने सरळ घास मोडला. मी सवयीने थांबले होते.

"खा," ती म्हणाली. "कुणासाठी थांबलीस?"