अर्जुनसादड्याखालचा मुक्काम

आमच्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी खंडोबाला बोलले होते: बाबा, माणूस घरी येऊ दे, चंपाषष्ठीचं भरीत-रोडगा तुझ्या जंगलातल्या ठाण्यावर करीन, रात्री तळ्याकाठी उघड्यावर झोपेन. माणूस घरी आला. पण नवस फेडायची वेळ आली आणि माझाच जीव खालीवर होऊ लागला. डॉक्टरांनी ह्यांना सावकाश चालायला सांगितलं होतं, धावपळ अजिबात नाही. तिथे काही झालं तर गाडीरस्त्यापर्यंत आणायचं कोणी?

तरी आमच्या असोद्याहून निघालो. मुक्कामाची जागा हेरण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मी आजही म्हणेन. देवाच्या ठाण्याजवळ, सातपुड्याच्या त्या पट्ट्यात लहान लहान तळी एकामागे एक आहेत. पहिल्या तळ्यावर जनावरांची पाण्यावर यायची वाट दिसली, ते सोडलं. दुसऱ्याच्या काठाला ओल होती. तिसऱ्यावर अर्जुनसादड्याच्या उंच झाडाखाली सपाट, कोरडी जागा मिळाली, आधीच्या कुणाच्या चुलीचे तीन दगडसुद्धा तयार. घरून कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, पऱ्हाट्यांचा भारा आणला होता, कारण दुसऱ्या लाकडावर भाजलेल्या वांग्याला आम्ही भरीत म्हणतच नाही. पऱ्हाट्यांचा जाळ आणि धूर उंच जातो. वांगी रचली आणि काडेपेटी हातात घेतली.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक बाई धापा टाकत आली. "अक्का, मनी बकरी चिखलमा फसनी व. जरासा हात लाव."

मला रागच आला. नैवेद्याच्या वेळी हे कुठलं झेंगट! पण हे म्हणाले, "आधी बकरी काढू. वांगे काही पळून नाही जात."

पलीकडे गेलो, ह्यांना तिथल्या काठावर बसवलं आणि आम्ही दोघींनी बकरी ओढून काढली. मी चिखलानं माखले, हे पोट धरून हसत होते. बाई म्हणाली, "आते आठेच चूल मांड." तिथेच चूल मांडायची म्हणून मी सामान आणायला वळले आणि समोर पाहिलं. उतरतं ऊन त्या झाडावर पडलं होतं. आमच्या चुलीच्या बरोबर वर, फांद्यांना आग्या मोहोळं लटकत होती, सुपाएवढी, काळी.

धुरानं मोहोळ उठलं की तरणाताठा माणूसही जीव घेऊन पळतो. ह्यांना तर पळताच येत नव्हतं. जागा निवडताना मी जमीन पाहिली होती, पाणी पाहिलं होतं, मान मात्र वर केली नव्हती. तिथेच बसून मी रडले. बाईला वाटलं, चिखलात मला कुठे लागलं.

ती खंडोबाची धनगरीण राणी बाणाई होती, असं मी म्हणत नाही. तिची बकरी खरोखरच अडकली होती. भरीत तिच्याकडेच भाजलं, देवाला दाखवलं, तिला वाढलं, आणि रात्री त्याच काठावर तिच्या झोपडीच्या अंगणात, उघड्यावर निवांत झोपलो.

आजही मुक्कामाची जागा मीच निवडते, आता वरही बघते. पण ऐन कामात कुणाची हाक आली, की हातातलं खाली ठेवून उठते. बोलावणं कुणाचं असतं ते आपल्याला कळत नाही. माझा माणूस माझ्या शेजारी बसून जेवतो, मला तेवढं पुरतं.