निकेशला न दिलेलं औषध

वडशाच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलणाऱ्या खुशालभाऊ खोब्रागडेंना दोन लेकरं. मोठी करिश्मा, धाकटा निकेश. शाळेत सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली तेव्हा करिश्मा नुसती वाहक निघाली. तिला कधीच काही त्रास झाला नाही. निकेशला मात्र पूर्ण आजार निघाला.

त्याचं दुखणं सांगून येत नसे. हातापायांची हाडं कोणी आतून पिळतंय असं व्हायचं आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. एकदा दवाखान्यात तो कळवळत असताना डॉक्टर नर्सला म्हणाले, "याला इंजेक्शनची सवय लागली आहे. थांबू द्या जरा." निकेशने तोंड भिंतीकडे फिरवलं. करिश्मा तेव्हा फार्मसी शिकत होती. ती पलंगाशीच उभी होती. पुढे काय करायचं हे तिने त्याच दिवशी ठरवलं.

पीएच.डी.साठी ती हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत गेली. तिथे सिकलसेल असलेले उंदीर पाळलेले होते. सततच्या वेदनेने पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी इतक्या हुळहुळ्या होतात की साधा स्पर्शही सोसवत नाही. या पेशींना शांत करणारा एक नवा रेणू करिश्मा तपासत होती. उंदराच्या पंजाला नायलॉनचा बारीक धागा टेकवायचा. दुखत असेल तर तो पंजा झटकन उचलतो. औषध दिलेले उंदीर पंजा उचलेनासे झाले, तेव्हा ती धावतच जिन्यात गेली आणि भावाला फोन लावला.

निकेश एका झाडीपट्टी नाटकमंडळीत ऑर्गन वाजवायचा. हिवाळाभर गावोगाव नाटकं, उघड्यावरचा मंडप, अंगात शिरणारी थंडी. या आजाराला थंडी वाईट. आई, मनकर्णाबाई, रोज भांडायची. तो म्हणायचा, "घरी बसलो तरी दुखते, वाजवलो तरी दुखते. मंग वाजवतो ना."

धान कापणीच्या सुमारास करिश्मा घरी आली. निकेश पांघरूण घेऊन उन्हात बसला होता.

"बाई, तुह्या उंदरायले आराम पडला म्हन्ते."

"पडला."

"मंग मले काऊन नाई देत?"

ती हसली. तो हसला नाही.

"थोडंसं आन ना. कोनाले सांगनार नाई मी. माह्या जिवाची जबाबदारी माही."

"नाई निकेश. मानसाले अजून देल्लंच नाई ते. काय करीन कोनाले मालूम नाई."

"दुखन्याचं तरी कोनाले मालूम हाये?" तो म्हणाला. मग त्यानेच तिचा हात धरला. "जाऊ दे. लवकर काढ फक्त."

थंडी वाढली तशी नाटकं जोरात सुरू झाली. एका सकाळी मंडळीतल्या धनराजचा फोन आला. प्रयोग पुरा करून निकेश ऑर्गनवरच कोसळला होता. आजार छातीत उतरला होता. मिळेल त्या गाडीने करिश्मा हैदराबादहून बल्लारशाला आली, तिथून दवाखान्यात पोचली. निकेशच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिला पाहून त्याने तो बाजूला सारला.

"आनलं का?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने डोळे मिटले. रागावला होता की थकला होता, हे तिला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला.

घरी भंतेजींनी त्रिशरण म्हटलं. मंडळीतले नट चेहऱ्यावरचा रंग नीट न पुसताच आले होते. करिश्मा शेवटपर्यंत रडली नाही. थोड्या दिवसांनी ती परत गेली, कारण उंदरांना औषध चालूच होतं आणि ते मधेच सोडता येत नव्हतं.

पुढच्या महिन्यांत उंदरांचं दुखणं परतलं. मग त्यांची यकृतं खराब व्हायला लागली. रेणू बाद झाला. मार्गदर्शक बाई समजुतीने म्हणाल्या, "हे चालत नाही, हे कळणंसुद्धा संशोधनच असतं." करिश्माने मान डोलावली, प्राण्यांच्या खोलीत गेली आणि रिकाम्या पिंजऱ्यांसमोर बसून ओक्साबोक्शी रडली. आपण नाही म्हटलं ते बरोबर होतं, हे आता सिद्ध झालं होतं. त्याचा तिला काडीचाही आधार वाटेना.

प्रबंध मंजूर झाल्यावर ती वडशाला आली. खुशालभाऊंनी मिलमध्ये पेढे वाटले. मनकर्णाबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "ते औषध निघालं का मंग?"

"नाई निघालं, आई. लिवर खराब करते. निकेशले देल्लं असतं तरी तो..."

"त्याचं नाई म्हनत मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांचे हात थांबले. "मले वाटलं होतं, आता तरी निघालं असन. दुसऱ्या कोनाच्या लेकराले होईन."

करिश्मा त्यांच्याजवळ बसली. मग मनकर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि सूप तिच्याकडे सरकवलं.

करिश्मा आता हैदराबादलाच दुसऱ्या एका रेणूवर काम करते. त्याच्याबद्दल ती घरी अजून काही बोललेली नाही.