केरबाचा तिसरा पाइप

दार उघडलं तरी केरबा भोईर उंबऱ्याबाहेरच उभा. खांद्यावर पीव्हीसीचे पाइप, हातात करवत, आणि चेहरा असा, की तिसरी घंटा झाली आहे आणि नटाला पहिलंच वाक्य आठवत नाही.

"आत या ना, केरबाभाऊ," चैताली ओव्हाळ म्हणाली.

"येतो ताई. पर आदी सांगून ठेवतो. चार वर्सं झाली, मी घरातलं काम घेत न्हाई."

"माहीत आहे मला. तरीही बोलावलंय."

ते लोणावळ्याच्या सगळ्या तुंगार्लीला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी इथल्याच एका बंगल्यात केरबानं माळ्यावर पाण्याची टाकी बसवली होती. एके दिवशी तिचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की नळ बंद करणारा गोळा, अडकला, टाकी भरून वाहिली, पाणी छतातून खाली आलं आणि दिवाणखान्याची लाकडी जमीन पापडासारखी फुगली. लोक म्हणाले, केरबाचा जोड सुटला. केरबा छातीला हात लावून सांगत राहिला, "माजा जोड सुटला न्हाई हो!" पण लोणावळ्यात बातमी पाण्यापेक्षा लवकर झिरपते. तेव्हापासून तो परंदवडीच्या बाजूला पॉलीहाऊसमधल्या गुलाबांना पाणी पोचवत होता. तिथेच, बँकेच्या कामानं गेलेल्या चैतालीनं त्याचे पाइप पाहिले. वेणी घातल्यासारखे नेटके, एकही थेंब बाहेर नाही. तिनं तिथल्या तिथे ठरवलं, आपल्या माशांचं काम या माणसालाच द्यायचं.

मासे म्हणजे साधे नव्हेत, समुद्रातले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, ऐटीत तर असे, की संगीत नाटकातले राजपुत्रच. त्यांच्यासाठी पाच फुटी काचेची नवी टाकी आली होती. मासे तूर्त मागच्या पडवीत निळ्या ड्रममध्ये मुक्कामाला होते. टाकीखालच्या कपाटात दुसरी, छोटी टाकी. वरचं पाणी पाइपांतून खाली उतरायचं, गाळून स्वच्छ व्हायचं आणि पंपानं पुन्हा वर जायचं. दिवसरात्र. जुन्या टाकीतही हेच चालायचं, पण त्याचा आवाज...

"गुडगुडगुड!" दिवाणावरून चैतालीच्या आईनं, विठाबाईंनी नक्कल करून दाखवली. "पावसाळ्यात ह्या गावात धबधबे काय कमी हायेत, म्हणून हिनं घरात एक आणलाय! मी सांगितलंय. आता येक तर मासे ऱ्हातील, न्हाईतर मी. मी आपली कार्ल्याला भावाकडं जाती."

"जयभीम मावशी," केरबा हसला. "कुटं जाऊ नका. बघतो मी."

चैतालीनं कागद पसरला. टाकीच्या मागच्या बाजूला काचेचा एक चिंचोळा कप्पा होता. त्याच्या दातेरी कडेवरून पाणी आत पडणार, आणि तिथून तीन पाइप खाली जाणार. पहिला पाइप तुडुंब भरून वाहील. त्याला व्हॉल्व्ह. आत हवाच नाही, मग गुडगुड कसली? दुसऱ्यातून उरलंसुरलं पाणी सुतासारखं उतरेल. आणि तिसऱ्याचं तोंड सगळ्यांत उंच. तो कोरडाच राहायचा.

"कोरडा? मंग कशाला घालायचा?"

"पहिल्यात टाकीतली गोगलगाय अडकली तर? दुसराही तुंबला तर? त्या दिवशी सगळं पाणी तिसऱ्यानं न्यायचं."

केरबाचे डोळे चमकले. नाटक कंपनीत एक बदली नट असायचा. रोज तोंडाला रंग लावून विंगेत बसायचा. महिनोन् महिने रंगमंचाचं तोंड दिसायचं नाही, पण ज्या रात्री नायकाचा घसा बसेल, त्या रात्री सारा खेळ त्याच्या खांद्यावर. तसा हा तिसरा पाइप.

"ताई, हे तर भाताच्या खाचरावानी झालं!" केरबा म्हणाला. "बांदाला येक तोंड रोजच्या पान्याला, आन् वर येक थोरल्या पावसाला. माजा बा असंच करायचा."

मग केरबा जो सुटला! दोन दिवस तो शीळ घालत काम करत होता. कापलेली प्रत्येक कड कानशीनं घासली, प्रत्येक जोडाला सोल्युशन लावून शंभरपर्यंत मोजलं. पहिल्या पाइपचं खालचं तोंड पाण्यात जेमतेम दोन बोटं बुडेल, इतकंच ठेवलं. चैताली बँकेत गेली असताना त्यानं स्वतःहून आणखी एक गोष्ट केली. त्याचा बाप बांधाच्या तोंडाला बांबूची विणलेली टोपली लावायचा, खाचरातले मासे पळू नयेत म्हणून. केरबाच्या हातालाही तेच वळण होतं. पाण्याला तोंड आलं, की त्यावर जाळी आलीच. त्यानं तिसऱ्या पाइपच्या तोंडावर बारीक जाळी ताणून बसवली. राजपुत्र आत पडायला नकोत! कागदावर जाळी नव्हती. ती त्याची भेट होती.

रविवारी दुपारी चाचणी. खारं पाणी नंतर, आधी साधं. चैताली पंपाच्या बटणापाशी, विठाबाई पाय वर घेऊन दिवाणावर, केरबा टाकीपुढे हात जोडून.

पंप लागला. पाणी चढलं, दातांवरून कप्प्यात पडलं. खळखळ, गुडगुड... विठाबाईंनी भुवया उंचावल्या. पण अर्ध्या मिनिटात पाइपनं आतली हवा खाली ढकलली आणि आवाज थांबला. केरबानं व्हॉल्व्ह केसभर फिरवला. शांत!

"बंद पडलं व्हय रं?" विठाबाईंनी विचारलं.

"चालू हाय मावशी!" केरबाचा आवाज आनंदानं फाटला.

"थांबा, इतक्यात टाळ्या नकोत," चैताली म्हणाली. "आता पहिले दोन्ही पाइप बंद करायचे. मुद्दाम."

केरबानं पहिल्याचा व्हॉल्व्ह आवळला, दुसऱ्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला. कप्पा भरला. पाणी तिसऱ्या पाइपच्या तोंडाशी आलं, आत उतरू लागलं. आणि मग उतरेचना. वरची टाकी भरू लागली. काठाला तीन बोटं उरली. दोन. एक.

"आरं, आलं की भाईर!" विठाबाई ओरडल्या.

"बंद करा ताई!"

चैतालीनं बटण दाबलं. काठावर पाणी फुगून थरथरत राहिलं. एक थेंब काचेवरून ओघळला आणि फरशीवर पडला. एकच. केरबाला तो हातोड्यासारखा ऐकू आला.

त्यानं कप्प्यात हात घातला. पाइप कापताना पडलेला पांढरा भुगा पाण्यावर तरंगत येऊन जाळीवर बसला होता. जाळीची पार भाकरी झाली होती. जोड एकही सुटला नव्हता.

तो मटकन खाली बसला. माळ्यावरच्या त्या टाकीलाही, जादा पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपच्या तोंडावर, त्यानं अशीच जाळी लावली होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "त्या बंगल्यात जोड सुटला नव्हता, हे खरं. पर चूक माजीच व्हती. जाळी तुंबली, म्हून जादा पानी भाईर गेलं न्हाई. चार वर्सं मी फ्लोटला शिव्या घालतोय."

विठाबाई बोलल्या, "मंग बसलास कशाला? काढ की ती जाळी! मासे काय पाइपात उड्या मारनारेत? दात हायेत न्हवं कडंला?"

केरबा ताडकन उठला. जाळी ओढून काढली, सगळा भुगा वेचला आणि स्वतःच म्हणाला, "पुन्ना! दोन्ही बंद ठिवून!"

पाणी चढलं. तिसऱ्या पाइपच्या तोंडाशी आलं, आणि धोऽ धोऽ करत सगळंच्या सगळं आत गेलं. आवाज दणदणीत होता. संकटात तसाच हवा, घर जागं व्हायला. पाणी काठाखाली चार बोटांवर थबकलं ते हललंच नाही. केरबानं पाच मिनिटं पापणी मिटली नाही.

मग केरबानं पहिले दोन्ही पाइप मोकळे केले आणि चैतालीनं पंपच बंद केला, वीज गेल्यासारखा. वरचं पाणी खाली येऊ लागलं. पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली एक भोक ठेवलं होतं. ते उघडं पडताच त्यानं हवा ओढली आणि उतार थांबला. खालच्या टाकीवर, पाणी यापुढे चढू नये म्हणून, पेन्सिलची खूण केली होती; पाणी तिच्या दोन बोटं खालीच राहिलं. पुन्हा बटण. पुन्हा अर्धं मिनिट गुडगुड, आणि पुन्हा ती शांतता.

"जमलं!" चैतालीनं टाळी वाजवली. "केरबाभाऊ, जमलं!"

केरबानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दिवाणावरून घोरण्याचा आवाज आला. विठाबाई उशीवर कलंडल्या होत्या. आता घरात एवढाच काय तो आवाज होता.

लोणावळ्यातले फिटर काम संपलं, की टाकीवर नाहीतर मोटारीवर आपलं नाव आणि मोबाइल लिहून जातात. चैतालीनं मार्कर पुढे केला. केरबानं तो हातात घेऊन थोडा वेळ नुसता धरला. मग कपाटाचं दार उघडलं, गुडघ्यावर बसला आणि आतल्या बाजूला ठळक अक्षरांत नाव लिहिलं, नंबर लिहिला. त्याखाली, जरा विचार करून, आणखी एक ओळ: 'तिसऱ्या पाइपवर जाळी लावू नये.'

"आता त्या बंगल्यावर जाऊन येतो," करवत उचलत तो म्हणाला. "त्या टाकीवरची जाळी अजून तशीच असंल."