जाळीचा वाढदिवस

आमच्या सरांनी पेशंटला 'कसं वाटतंय' असं कधी विचारलं नाही. माणूस आत आला की त्याला उभं करायचं, जांघेवर बोटं ठेवायची आणि म्हणायचं, "खोक." खोकताना आतून फुगवटा बोटांना लागला की हर्निया. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला त्यांनी हर्नियाशिवाय दुसरं ऑपरेशन करायचंच नाही असं ठरवलं, तेव्हा कोल्हापुरातले बाकीचे सर्जन हसले. हर्निया म्हणजे नवशिक्यांनी हात साफ करायचं काम, असा सगळ्यांचा समज. सर म्हणत, "म्हणूनच त्ये परत येत्यात."

मी जयसिंगपूरच्या एका बौद्ध शाळामास्तरांची मुलगी. एम.एस. होऊन, डोक्यात बरीच हवा भरून त्यांच्याकडे गेले. सरांनी कितीतरी दिवस हातात सुरी दिली नाही. आधीच्या नोकरीत मी किती ऑपरेशनं केली ते ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यातली टिकली किती? तो हिशेब मी कधी ठेवलाच नव्हता. "टाकं घाटलं म्हंजे ऑपरेशन संपत न्हाय पोरी. वर्सानं संपतंय."

म्हणून घरी सोडताना ते प्रत्येकाला बजावत की वर्षानं जाळीचा वाढदिवस आहे, यायचं. पोटाच्या भिंतीला आतून आधार म्हणून बसवतात ती जाळी. लोकही खरंच वाढदिवसासारखे येत, कुणी गूळ घेऊन, कुणी शेंगा. जो येणार नाही त्याच्याकडे रविवारी सरांची जुनी फियाट जाई आणि शेजारी मी. नेसरीच्या एका शेतकऱ्याला मी उसाच्या फडाआड तपासलं, त्याची बायको बांधावर पहारा देत होती. बाईमाणूस तपासणार म्हणून तो धोतर सोडेना, तेव्हा सर लांबूनच ओरडले, "पावणं, कापताना हिचाच हात हुता की. आता कसली लाज?"

पुढे दोन हजार सालानंतर सर्जन मंडळींच्या एका मोठ्या संघटनेनं हर्नियाचे खास सर्जन कुठे तयार व्हावेत याचे निकष ठरवले. शिकणाऱ्यानं देखरेखीखाली काम करावं, केलेल्या ऑपरेशनांचा पाठपुरावा व्हावा. सर ते वाचून लहान मुलासारखे खूश झाले. आपण वेडे ठरलो ते याच गोष्टीसाठी, असं त्यांचं म्हणणं. सत्तरीला आले होते, गुडघे बोलत होते. आम्ही त्या संघटनेकडे अर्ज केला. शिकवायची मान्यता मिळाली तर हे शिकवणं त्यांच्यामागे चालू राहणार होतं. नाहीतर आमचा छोटा दवाखाना इतर चार दवाखान्यांसारखा होणार, आणि आम्ही सगळे स्वयंघोषित तज्ज्ञ.

तपासणीला संघटनेचे दोन मोठे सर्जन येणार होते. सरांनी जुन्या पेशंटांना निरोप धाडले. सगळ्यात पुढे त्यांनी बसवलं शिरोलीच्या फाउंड्रीतल्या माने मामांना. मामांचं ऑपरेशन खुद्द सरांनी केलेलं, आणि नेमका मामांचाच हर्निया परत उलटलेला. मी चिडलेच. यांना पुढच्या आठवड्यात बोलवू, आजच कशाला हवेत?

सर शांतपणे म्हणाले, "ह्याला लपवून पास झालो, तर तुला काय शिकिवलं मी?"

त्या सकाळी अंगण गच्च भरलं. फाउंड्रीतले कामगार, तालमीतले पैलवान, उसवाले शेतकरी, आणि सगळे पाळीपाळीनं खोकतायत. पाहुण्यांतले वयस्कर सर्जन माने मामांपाशी थबकले. हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. "मी," सर म्हणाले. "जाळी कडंला कमी पडली. घाई केली हुती." पाहुणे दुपारपर्यंत एकेकाला स्वतः तपासत राहिले. बाकी सगळे शाबूत निघाले.

शेवटी हात धुऊन ते वयस्कर सर्जन म्हणाले की आजवर त्यांना सगळ्यांनी आपले चांगले पेशंट दाखवले, बिघडलेला पुढे करणारा हाच पहिला. शिकवायचा अधिकार अशाच जागेला द्यायचा असतो, आणि तशी शिफारस ते करणार होते. अंगणात एकच गलका उठला. कुणीतरी तालमीतून हलगी आणली. पैलवानांनी सरांना खांद्यावर घेतलं, आणि मी खालून ओरडत राहिले की नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी वजन उचलायचं नाही. कोण ऐकतंय? मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

मान्यतेनंतरचं पहिलं ऑपरेशन माने मामांचंच लागलं. मी सरांची वाट बघत उभी होते. ते आले ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, मदतनिसाच्या जागी जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, सर, हे तुमचं आहे. त्यांनी मान हलवली. "माझं टिकलं न्हाय. तू कर."

ऑपरेशन झाल्यावर ते गाऊन न काढताच बाहेर गेले. मामांच्या बायकोला सांगताना मी दारातून ऐकलं, "वैनी, पयलं मी केलतं, त्ये गेलं. आता माझ्यापरीस बऱ्या हातानं केलंय." सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. माने मामा अजून ताठ चालतात.