सत्त्याण्णव गुणांची भीती

आमचे घरमालक गंगाधरराव. वय बहात्तर, बेळगोळच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त. इथं कन्नड मुलखात, जयलक्ष्मीपुरममध्ये ते खाली राहतात, वर मी भाड्याने. परक्या भाषेतलं वाचन माणसाला किती घाबरवतं, हे मी विद्यापीठात मोजते. वीस वाक्यांचा फॉर्म असतो. "पान समोर आलं की छातीत धडधडतं" असली वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. वीस म्हणजे माणूस निर्धास्त, शंभर म्हणजे पार गाळण उडालेली.

माणसं कमी पडली म्हणून एक कन्नड फॉर्म काकांना दिला. रोज इंग्रजी पेपर वाचणारा माणूस, फार तर चाळीस येतील म्हटलं. आले सत्त्याण्णव! 'परकी भाषा' या रकान्यात कन्नड अक्षरात लिहिलेलं: मराठी. आणि 'मातृभाषा'? तीही मराठीच. माझं डोकंच फिरलं.

"काका, अख्खा फॉर्म वाया घालवलात!"

"अय्यो, सुम्ने, उगाच का रागावता?" काका म्हणाले. "घरात पाच पिढ्या मराठीच की. पण शाळा कन्नड. हिंदीच्या तासाला मी पळून जायचो. तुमचं हे देवनागरी अक्षर एक येत नाही मला."

मग खरं काय ते बाहेर आलं. काकांची थोरली बहीण सिंधूअक्का लग्न होऊन कोल्हापूरला गेली. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. अक्षरं शिकली ती सासरी, म्हणजे फक्त मराठी. दर रविवारी दोघांचा फोन. यंदा घशाचं ऑपरेशन झालं आणि अक्काचा आवाज गेला. आता काका बोलतात, ती ऐकते आणि मोबाइलवर लिहून उत्तर देते. वाचता येत नाही हे सांगायची काकांना लाज. मेसेज वाजला की ते आपले "हो हो, अक्का" म्हणून मोकळे. एका रविवारी असंच म्हणाले, आणि तेव्हापासून अक्का फोन उचलत नाही. तीन रविवार झाले. भाचा जय एवढंच सांगतो, "आई बरी आहे, पण फोन नको म्हणते."

"आणा तो मोबाइल, मी वाचते," मी म्हटलं. "नाहीतर फोनच वाचून दाखवेल."

काकांनी मोबाइल छातीशी धरला. "तिनं मला लिहिलंय. मीच वाचणार, आयतु, झालं! शिकवा."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला हा माणूस वही घेऊन माझ्या दारात. क ख ग घ हा क्रम कन्नडमध्येही तोच, त्यामुळे गाडी भराभर पुढे गेली. पण घाम किती यायचा! भ आणि म मध्ये अडकले की उठून गच्चीवर फेऱ्या मारायचे, पुन्हा येऊन बसायचे. पंधराव्या दिवशी मी परत फॉर्म भरून घेतला. सत्त्याण्णव! एक गुणसुद्धा कमी नाही. भीती उतरली की वाचन जमतं, असं मी प्रबंधाच्या दोनशे पानांत लिहून ठेवलंय. इथं भीती होती तेवढीच होती, आणि काका वाचत होते. खरं सांगते, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग त्यांनी अक्काचा शेवटचा मेसेज उघडला. अक्षराखाली बोट धरून, अडखळत, वाचला.

"गं-गू, आ-ता मु-की-शी बो-ला-य-चा कं-टा-ळा ये-तो का रे?"

काका पांढरेफटक पडले. "आणि मी हो हो म्हटलं! देवा, मी हो हो म्हटलं तिला!"

तिथल्या तिथे जयला फोन लावला. "फोन तिच्या कानाला लाव बाबा, हात जोडतो." आणि जवळजवळ ओरडलेच, "अक्का, मला मराठी वाचताच येत नव्हतं गं! तुझा एकही मेसेज वाचला नव्हता. लाज वाटायची म्हणून हो हो म्हणायचो. आज पहिला वाचला."

मग काकांच्या मोबाइलवर मेसेज वाजला. मी न राहवून पुढे वाकले, तर त्यांनी मला हातानं मागे सारलं आणि चष्मा पुसला. दोन मिनिटं तरी लागली असतील.

"ये-ड्या," काकांनी वाचलं, "म-ग मी ह-ळू लि-हि-ते."