रांजणातली हाक

टेंभुर्णीपासून दीड कोसावर आमचं गाव. त्या गावातली झाडून सगळी शेंबडी पोरं एके काळी बायनामायच्या ताब्यात असत, आणि त्यांत मीही होते. बायका खुरपायला, कापूस वेचायला निघाल्या की वाटेत तिच्या खोपटापुढच्या लिंबाखाली लेकरं सोडून जायच्या आणि दिवस मावळताना गोळा करून न्यायच्या. त्याबद्दल खळ्यावर तिच्या पदरात ज्वारी पडायची. राज्य निजामाचं. आमच्या गावात शाळा नव्हती, आणि लांब कुठे होती तिथे उर्दूतून शिकवतात असं नुसतं ऐकून होतो. आमची शाळा लिंबाखाली, आणि मास्तरीण धनगराची बायनाबाई.

मेंढरांच्या मागे वाढलेली बाई ती. लग्नानंतरही नवऱ्याबरोबर, रायभानबरोबर, रानोमाळ फिरली. एकदा नाल्याच्या दरडीवरून घसरली आणि गुडघा असा मोडला की पुन्हा म्हणून सरळ झाला नाही. मग रायभान कळप घेऊन लांब जायचा आणि ही गावात एकटी राहायची. पोटी मूल नव्हतं. रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. पाय चालत नव्हता, त्याची सगळी कसर ती तोंडानं भरून काढायची. तिच्या तोंडी लागायला पाटीलसुद्धा कचरायचे.

अक्षरओळख तिला नव्हती. तिची विद्या म्हणजे आवाज. आम्हाला कुडाकडे तोंड करून बसवायची आणि पाठीमागे एकेक वस्तू वाजवायची. कधी सूप, कधी चाळणी, कधी तागाच्या वाळलेल्या शेंगा, कधी मेंढीच्या गळ्यातली घंटा. नुसतं "तांब्या" म्हणून सुटका नव्हती. "तांब्या हाय ते मला बी ठावं हाय. भरलेला का रिकामा? सहज ठिवला का रागानं आदळला?" असं ती विचारायची. आणि आवाज ओळखला की पुढे काय करायचं तेही सांगावं लागायचं. बैलांच्या घुंगरमाळा ऐकू आल्या की वाट सोडून कडेला व्हायचं. मोटेचं चाक करकरायला लागलं की विहिरीकडे फिरकायचं नाही. मडक्याला टिचकी मारायची. खणखणलं तर घरात घ्यायचं, बद्द वाजलं तर कुंभाराला परत. चार-पाच वर्षांची पोरं आम्ही, पण बाजारातून मडकं आणताना आया आम्हाला बरोबर घेऊन जायच्या.

या विद्येचे तोटेही होते. आमच्या शेजारच्या भुजंगनं एकदा सगळे जेवायला बसलेले असताना जाहीर केलं की आत्या रोज दुपारी गुळाच्या डेऱ्याचं झाकण हळूच काढते, कारण हळूच ठेवलेल्या झाकणाचा आवाज वेगळा असतो. त्या आत्यानं बायनामायशी किती तरी दिवस अबोला धरला होता. बायनामायला त्याचं काही नव्हतं. "बोलत न्हाई तर न्हाई, गूळ तरी वाचला तिच्या सासूचा," म्हणाली.

मी सात वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ मच्छिंद्र चौथ्यात होता आणि अजून एक शब्द बोलत नव्हता. हाक मारली तर बघायचा नाही. एकदा वाटेत मातीत खेळत बसला, मागून गाडी आली, घुंगरमाळा वाजत होत्या, गाडीवान शिट्ट्यांवर शिट्ट्या घालत होता, हा जागचा हलला नाही. चाक त्याच्या हाताजवळून गेलं. त्या दिवसापासून आजोबांनी त्याच्या कमरेला वासराचं दावं बांधलं. घरी ओसरीच्या खांबाला, बायनामायकडे लिंबाच्या बुंध्याला. आजोबा दुष्ट नव्हते. त्यांना खरंच भीती वाटायची, आणि घरात त्याच्यामागे धावायला रिकामं माणूस नव्हतं. पण बांधलेल्या भावाशेजारी बसून मला घास जायचा नाही.

मग आजोबांनी बायनामायलाच विचारलं, कारण आवाजाच्या बाबतीत गावात तिचा शब्द शेवटचा. तिनं मच्छिंद्रला कुडाकडे तोंड करून बसवलं. मागे घंटा वाजवली. तांब्या वाजवला. शेंगा खुळखुळवल्या, विळा दगडावर घासला. त्यानं मान वळवली नाही. बायनामायला लपवून, गोड करून बोलता येत नसे. "बहिरं हाय लेकरू," तिनं सांगून टाकलं. "बिलकुल ऐकू येत न्हाई."

"बायना म्हणली म्हणजे बराबर आसंल," आजोबा म्हणाले, आणि त्याच रात्री ठरवून मोकळे झाले. दिवाळीला मामा मंठ्याहून येईल, तेव्हा मच्छिंद्रला घेऊन जाईल. मामाकडे माणसं भरपूर आहेत, ती बघतील. परत आणायचं नाही. इथे राहिला तर आज ना उद्या गाडीखाली नाही तर विहिरीत जाईल.

आई काही बोलली नाही. सून सासऱ्यापुढे बोलत नसे. बापूही बोलले नाहीत, आणि त्याचं कारण आजच्या माणसांना सांगावं लागेल. त्या काळी तरण्या बापानं वडलांदेखत पोटचं लेकरू उचलणं, त्याचे लाड करणं, त्याच्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा मानत. चांगल्या घरातला मुलगा असं करायचा नाही, आणि आमचे बापू, रामकिसन, फार चांगल्या घरातले होते! पहाटे मोटेवर जायचे, अंधार पडल्यावर यायचे, आणि ओसरीवर आजोबा बसलेले असायचेच. मला या रीतीचा अजूनही राग येतो. पुढे दिवाळी जवळ येत गेली आणि आईचं पहाटेचं दळण गाण्याविना व्हायला लागलं.

दसरा होऊन गेल्यावर बायनामायनं आपला मोठा रांजण धुवायला काढला. धुऊन झाल्यावर लिंबाखाली आडवा पाडून ठेवला. रिकामा रांजण आणि पोरं, मग काय विचारता! भुजंगनं तोंड आत घालून आरोळी ठोकली. रांजण घुमला. मच्छिंद्र दुसरीकडे तोंड करून, दाव्याच्या टोकाला माती उकरत बसला होता. त्यानं वळून बघितलं.

बायनामाय ओरडली, "गप बसा रे समदे!" पहिल्यांदा तिला वाटलं, जमीन हादरली असेल. म्हणून मला म्हणाली, "साळे, त्येला कडेवर घे, शेताकडं तोंड कर." मी घेतलं. तिनं भुजंगला पुन्हा ओरडायला लावलं. मच्छिंद्रनं माझ्या खांद्यावरून मान वळवली. मग तिनं घंटा वाजवली, काही नाही. पुन्हा रांजण; पुन्हा मान वळली, आणि या वेळी हसलासुद्धा. बायनामायनं हातातली घंटा खाली टाकली. आपल्याच तोंडात मारून घेतली. "म्या काय केलं गं साळे," एवढंच म्हणत राहिली.

त्याच दिवशी संध्याकाळी बायनामाय काठी टेकत, पाय ओढत आमच्या दारात आली. कुणाच्या दारात ती सहसा जात नसे. आजोबा ओसरीवर तंबाखू मळत होते. बापू अंगणात बैलांना पाणी दाखवत होते. आई उंबऱ्याच्या आत उभी होती, आणि मच्छिंद्र खांबाला बांधलेला, भिंतीकडे तोंड करून खेळत होता.

"रामरावदादा, म्या चुकले," बायनामाय उभ्या उभ्याच म्हणाली. "लेकरू बहिरं न्हाई."

"तूच तर म्हणल्ती."

"म्हणल्ते. समदं बारीक-बारीक वाजवलं म्या. घंटी, तांब्या, शेंगा. त्ये त्याला न्हाई ऐकू येत. जाड आवाज ऐकू येतो. आज रांजणातली हाक ऐकली त्यानं, साळीला इचारा."

मी जोरजोरात मान हलवली. आजोबांचा विश्वास बसेना. "मंग आमी हाका मारतो त्या कामून ऐकू येत न्हाईत?"

"कोण मारतं हाका? साळीचा आवाज बारीक. तुमची सून सगुणा तुमच्याम्होरं कुजबुजती, ते मला ऐकू येत न्हाई तर त्याला काय येणार? आन् तुमचा आवाज, रागाला येऊ नका दादा, पिपाणीवानी हाय." आजोबांचा आवाज खरोखरच किनरा होता, पण हे त्यांच्या तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. मला हसू आलं आणि आईनं आतून डोळे वटारले. "ह्या घरात जाड आवाज येकाचाच हाय," बायनामाय पुढे म्हणाली. "मोटंवरून ज्याची हाक शिवंपत्तुर जाती, त्याचा. त्येनं पोराला कधी हाक मारली का?"

सगळे बापूंकडे बघायला लागले. बापू खाली मान घालून बैलाची पाठ चोळत राहिले. आजोबांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली नाही, हातातच धरून ठेवली. आई पदराचं टोक चावत होती.

"रामकिसन," शेवटी आजोबा म्हणाले, "बोल त्याच्याशी."

बापू जमिनीकडे बघत म्हणाले, "काय बोलू?"

मला तेव्हा नवल वाटलं होतं. चार वर्षांचं लेकरू घरात, आणि त्याच्याशी काय बोलायचं हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

"बैलाशी काय बोलता? त्येच बोला," बायनामाय म्हणाली.

बापूंनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही. मोटेवर बोलत तसे बोलले. "चल माझ्या राजा. चल रं वाघा. चल, चल."

मच्छिंद्रनं हातातला खडा टाकला आणि वळून बघितलं. आधी बैलाकडे, मग बापूंकडे.

"चल रं वाघा," बापू पुन्हा म्हणाले, या वेळी बैलाकडे नाही, त्याच्याकडे बघून.

मच्छिंद्र उठला आणि त्यांच्याकडे निघाला. ओसरीच्या कडेला दावं ताणलं, तो आपटून बसला, पुन्हा उठला, पुन्हा दावं ताणलं. आजोबा धडपडत उठले. गाठ सोडायला गेले, पण गाठ कधीची आवळलेली, सुटेना. "विळा आणा, जल्दी," ते ओरडले. आईनं धावत विळा आणला, आणि आजोबांनी आपल्या हातानं दावं कापलं.

दिवाळीला मामा आला, करंज्या खाऊन एकटाच परत गेला. बापू रोज मच्छिंद्रला मोटेवर नेऊ लागले आणि दिवसभर त्याच्याशी बोलू लागले. त्याचा पहिला शब्द "वाघा". नंतर किती तरी दिवस तो सगळ्यांनाच वाघा म्हणायचा. आईला, मला, आजोबांना. आजोबा "ओ" द्यायचे. "स" त्याला अजूनही नीट येत नाही, मला तो "आळू" म्हणतो, पण आज त्याचा संसार आहे, शेती आहे, आणि माझ्याशी भांडायला त्याला शब्द कमी पडत नाहीत.

बायनामायनं तिच्या शाळेत रांजण कायमचा ठेवून घेतला. नवीन लेकरू आलं की पहिली परीक्षा रांजणाची, घंटा नंतर. "एकदा चुकले, लई झालं," असं ती आपण होऊन सांगायची. झाकून ठेवणं तिला येतच नसे. आईनं दर दिवाळीला देवाला दाखवून झाल्यावर पहिली करंजी तिला पाठवली. पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी बायनामाय गेली. रायभानबरोबर मच्छिंद्रनं तिला खांदा दिला, आणि लिंबाखाली वाढलेली सगळी पोरं मागून चालली. एवढी माणसं आमच्या गावात पाटलालाही आली नव्हती.

गाव म्हणतं, बायनामायचे उपकार मच्छिंद्रवर झाले. झालेच. पण माझ्यावरही आहेत, आणि ते कुणाला ठाऊक नाहीत.

त्याच संध्याकाळी, ती काठी टेकत परत गेल्यावर, मी दाराशी बसले होते. बापू मच्छिंद्रला कडेवर घेऊन ओसरीवर आले. आजोबा समोर बसलेले. एकदा बोलायची मुभा मिळालेल्या त्या माणसाला आता थांबावंसं वाटत नसावं. माझ्याकडे बघून म्हणाले, "साळू, तू जेवलीस का गं?"

माझं नाव त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं, दुसरी कोण साळू आली आहे ते.

"अगं, तुलाच इचारून राह्यले ते," आई म्हणाली.